ढाणकीहून निघालेला ताल

या वर्षी कापूस जरा लवकर फुटला. मला हे शेतात जाऊन कळत नाही, माझ्या स्पीकरांवरून कळतं. दुकानाचं शटर उघडं असलं की बाजाराकडं जाणाऱ्या गाड्यांतून उडालेली रुई आत येते आणि स्पीकरच्या जाळीला चिकटून बसते. परवा सकाळी फुंकर मारायला वाकलो आणि तसाच वाकून राहिलो. त्या पांढऱ्या तंतूंच्या मागून मला एक जुनी दुपार ऐकू आली. दिसली म्हणत नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाच्या आठवणी कानाच्या वाटेनं येतात. डोळे मागाहून पोचतात, लग्नाला उशिरा आलेल्या मामासारखे.

धंदा सांगतो. ढाणकीत माझी साउंड सर्व्हिस आहे. लग्न असो, जयंती असो की पुढाऱ्याची सभा, आवाज ज्याचा त्याचा, तो मोठा करायचं काम माझं. निवेदनही मीच करतो, कारण माईक तपासताना नुसतं ‘हॅलो हॅलो’ म्हणून थांबणं मला आजवर जमलेलं नाही. गावात म्हण पडली आहे : रतनभाऊचा माईक बंद कराचा असन तं जनरेटरच बंद करा लागते. मी या म्हणीचा राग मानत नाही. उलट एकदोन कार्यक्रमांत मीच ती माईकवरून ऐकवली आहे.

ती दुपार बोंडअळीच्या हंगामातली. त्या साली कापसाची पऱ्हाटी कमरेच्या वर गेली होती आणि लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय पीक आहे! पण बोंड हातात घेऊन दाबलं की आत पाणी, आणि पाण्यात गुलाबी अळी, अशी निवांत पहुडलेली, जणू माहेरी आली आहे. बोंड फुटायचं नाही; फुटलं तर अर्धंच, आणि आत खराब रुईची पिवळट कवडी. फवारणीचा वास कपड्यांतून जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. लोक हळू बोलू लागले होते. अख्ख्या गावाचा आवाज कुणीतरी बटण फिरवून कमी करावा, तसा तो हंगाम होता. माझी यंत्रं गोणपाटाखाली झोपली होती. तरी गंमत पाहा, आज आठवतो तेव्हा तो हंगाम मला काळा आठवत नाही. तो एक लांबलचक, पांढुरकी, थोडी पेंगुळलेली दुपार होऊन आठवतो, आणि त्या दुपारीत शेवंताबाई डोळे मिटून टाळी देत असते.

शेवंताबाई म्हणजे आमच्या ढाणकीची गायन पार्टी. पार्टीत आणखी माणसं असत, पण ती सगळी मिरवणुकीतल्या बैलामागच्या धुळीसारखी. आणि किसनराव म्हणजे पलीकडच्या गावची पार्टी. आमच्याकडं दुय्यम कव्वालीचा सामना होतो. एकाच स्टेजवर दोन पार्ट्या, एक बाईची, एक पुरुषाची. एकानं गाण्यातून टोमणा मारायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच परत करायचा. या दोघांचा सामना लागला की मी माझ्या मिक्सरमागं बसून अक्षरशः हात चोळायचो.

“काय रे शाहीर,” शेवंताबाई माईकवर म्हणायची, “ढोलकी वाजवून राह्यला का बैल हाकलून राह्यला? लयच सावकाश!”

“बाई, माहा ताल जागेवर हाये,” किसनराव म्हणायचे. “तुमचंच गानं पुढं पळून राह्यलं. धरा त्याले, नाई तं उमरखेडले सापडन!”

हे भांडण त्यांचं कायमचं. त्यांच्या मते ती पुढं पळते. तिच्या मते ते मागं रेंगाळतात. आणि सामन्याच्या शेवटी ठरलेला सवाल यायचा. ती गायची :

*दिवा मोठा सांगतो तू, वात कुठं रे शाहीर?*
*तेल माझ्या घरचं, अन् उजेड तुझा जाहीर!*

पब्लिक उसळायचं. किसनराव ते शांत होईपर्यंत थांबायचे, टोपी सारखी करायचे, आणि जवाब द्यायचे :

*तेल तुझं, वात तुझी, सारी तुझीच बात,*
*वारं सुटलं तवा, बाई, आड कोनाचा हात?*

मग पुढं काही गायची सोयच उरायची नाही. लोक टोप्या उडवायचे.

हा सामना निकालात काढला तो त्यांच्या पोरांनी. शेवंताबाईच्या उषानं आणि किसनरावांच्या मुलानं लग्न ठरवलं. झालं! ‘काय रे शाहीर’ म्हणणारी बाई डोक्यावर पदर घेऊन ‘इवाईबुवा, चहा घ्या जी’ म्हणू लागली, आणि किसनराव ‘इहीनबाई, तुमी बसा, मी उभाच बरा हावो’ म्हणू लागले. व्याही आणि विहीण झाल्यावर टोमणा कसा मारणार? लग्नानंतर एकदा हौसेनं सामना ठेवला. पहिला सवाल कुणी करायचा यावरच गाडी अडली. “आधी तुमी.” “नाई जी, आधी तुमी.” पब्लिकनं थोडा वेळ हा विनय पाहिला आणि उठून भजी खायला गेलं. पुढं मुलाला यवतमाळच्या बाहेर लोहाऱ्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि किसनराव त्याच्याबरोबर तिकडं गेले.

बोंडअळीच्या त्या हंगामात किसनरावांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण ओठांवर शब्द यायचा नाही; यायचा तो नुसता ‘आं… आं…’. ज्या माणसानं आयुष्यभर जवाब दिले त्याला पाणी मागता येईना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उषाला एक गोष्ट सांगितली. बोलण्याचा रस्ता खचला असला तरी गाण्याची पांदण कधीकधी शाबूत राहते. कुणीतरी त्यांच्यासोबत, अगदी शब्दाला शब्द जुळवून, त्यांची जुनी गाणी म्हटली पाहिजेत. त्या पांदणीनं शब्द परत येऊ शकतो. पण लवकर, आणि रोज.

उषाचा गळा म्हणजे, पोर गुणाची आहे म्हणून एवढंच सांगतो, फाटकाच्या बिजागरीसारखा. तिनं सामन्याची जुनी कॅसेट लावली. किसनरावांनी ती ऐकली आणि तोंड भिंतीकडं वळवलं. कॅसेटमधली बाई पब्लिकसाठी गात होती, त्यांच्यासाठी नाही. शेवटी शेवंताबाई स्वतः गेली. खाटेशेजारी बसून तिनं ‘दिवा’ सुरू केलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सुरात सूर मिसळून त्या बंद तोंडातून एक शब्द निघाला : “दिवा.”

एवढा पुरावा मिळाला आणि ती परत आली. लेकीच्या सासरी किती दिवस पाय पसरायचे? तिच्या पिढीच्या बायांना ते गळ्याशी येतं. घरी म्हैस होती आणि वावरात जे काय दोन-चार पांढरे तुरे होते तेही वेचायचे होते. मग फोन झाला, व्हिडिओ कॉल झाला. पण तिचा शब्द तिकडं उशिरा, त्यांचा हुंकार इकडं आणखी उशिरा. दोन्हीकडून धडका बसायच्या आणि किसनराव गप्प व्हायचे. दर वेळी थोडे जास्त गप्प.

तेव्हा ती माझ्या दुकानात आली. गोणपाटाखालच्या स्पीकरांकडं बोट करून म्हणाली, “रतन, तू साऱ्या गावाचा आवाज मोठा करून देतं. माहा आवाज मोठा नोको करू. लवकर पोचवून दे.”

इतक्या वर्षांत मला असं काम कुणी सांगितलं नव्हतं.

मी नुकताच डिजिटल मिक्सर घेतला होता. स्टेजवरचे सगळे माईक एका नेटच्या तारेतून माझ्यापर्यंत यायचे. तीच तार लांब करून लोहाऱ्यापर्यंत ओढायची, असा माझा भाबडा बेत. एक छोटी आवाजाची पेटी बसच्या ड्रायव्हरजवळ देऊन उषाकडं पाठवली आणि शेवंताबाईला बुद्धविहारात बसवून सारी भानगड समजावू लागलो. वर्षावासाचं, पावसाळ्यातलं, ग्रंथवाचन नुकतंच संपलं होतं. सतरंज्या अजून उचलल्या नव्हत्या. गल्लीतल्या बायाही येऊन बसल्या. वेचायला फारसं काही नव्हतं, म्हणून दुपारी सगळ्या मोकळ्या. ते मोकळेपण कुणालाच नको होतं.

“बाई, तू वेचायला गेल्यावर कमरेला ओटी बांधतेस ना? भरली की वजनाच्या काट्यापाशी रिकामी करतेस. यंत्र तेच करतं. तुझ्या आवाजाचे तुकडे करून एकेक ओटी भरून पाठवतं. ओटी मोठी असली तर खेपा कमी, पण ती भरेपर्यंत पहिलं बोंड कमरेलाच लटकून. ओटी बारकी केली तर माल लगेच निघतो, पण खेपाच खेपा. यंत्राला दम लागतो.”

“मंग बारकीच कर. लागू दे दम मेल्याले.”

“पण वाटेत एखादी बाई चिखलात रुतली तर काटा रिकामा राहील, गाणं तुटेल. म्हणून काट्यापाशी थोडा ढीग आधी साठू द्यायचा. फोनवाले हा ढीग डोंगराएवढा करतात. त्यांचं बोलणं तुटत नाही ते त्यामुळं, आणि शिळं पोचतं तेही त्यामुळंच. आपण ढीग ओंजळभरच ठेवू.”

“अन् एकीची ओटी वाटेतच सांडली तं?”

“मागं जाऊन वेचायची नाही. तोवर गाणं पुढं गेलेलं असतं. त्यापेक्षा प्रत्येक ओटीत आधीच्या ओटीतला मूठभर कापूस जास्तीचा घालायचा. एक सांडली तर मागची भागवते.”

“जावा-जावा म्हना ना,” मागून एक बाई म्हणाली. “एकीचं सांडलं तं दुसरीच्या पदरात असते.”

“अशा जावा कुठी भेटतेत, बाप्पा?” शेवंताबाई म्हणाली. “यंत्रातच असतीन.”

मी वायफाय बंद केलं, कारण हवेतल्या नेटला बाजाराच्या दिवसासारखी गर्दी असते. समोरच्या नेट कॅफेतून सरळ तार ओढली. एक भानगड उरली होती. दोन्हीकडच्या यंत्रांची घड्याळं एका चालीची नसतात. एक कणभर जलद चालतं, मग ढीग वाढत तरी जातो नाहीतर आटत तरी, आणि मधूनच आवाजात ‘टक्’ होतं. एका घरात एकच कारभारी हवा. मी ढाणकीच्या घड्याळाला कारभारी नेमलं आणि लोहाऱ्याच्या यंत्राला त्याच्या चालीनं चालायला लावलं. उषा तिकडून म्हणाली, “भाऊ, आवाज असा येऊन राह्यला जशी आई सैपाकघरात हाये!”

खाटेशेजारी नाही, सैपाकघरात. एवढा फरक उरलाच होता. फोनवर ते दोघं शेताच्या दोन टोकांच्या धुऱ्यांवर बसून एकमेकांना हाका मारत होते. माझ्या खटपटीनं ते एका मोठ्या अंगणाच्या दोन कोपऱ्यांत आले. एका सतरंजीवर मात्र येईनात. वाट आहे म्हटल्यावर ती चालायला वेळ लागणारच, नेटलाही लागतो.

सुरू झालं. शेवंताबाईनं ‘दिवा’ उचललं. तिकडून किसनरावांच्या डाव्या हाताचा खाटेच्या लाकडावरचा ठेका ऐकू आला. पण पाहता पाहता गाणं सावकाश होऊ लागलं. तिला त्यांचा ठेका किंचित मागं ऐकू यायचा. ती विहीण, व्याह्याला मागं टाकून कशी जाईल? ती थांबून घ्यायची. तिकडं तिचा थांबलेला सूर पोचायचा, आणि ते तर किसनराव. इहीनबाईच्या पुढं हात कसा टाकतील? तेही थांबायचे. तिला ते आणखी मागं वाटायचे. असं ‘आधी तुमी’ करत करत, बसक्या बैलासारखं ते गाणं विहाराच्या मधोमध बसलं. उठेचना.

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग तिकडून आवाज आला, “आं… आं…” आणि लाकडावर एक जोराची थाप. मग काहीच नाही.

“आई,” उषा सासऱ्यांबद्दल म्हणाली, “मामाजीनं तोंड फिरवलं. आता राहू दे. डोळे पुसून राह्यले ते. आज हे जमलं नाई तं मी त्याइले पुन्हा नाई बसवत. पाहवत नाई मले.”

हसणं थांबलं. बाहेर एक बैलगाडी गेली. रिकामी होती, हे तिच्या खडखडीवरून कळत होतं.

मी मिक्सरवरचे आकडे पुन्हा तपासले. उशीर आणखी कमी होणार नव्हता. ओटी आता चिमटीएवढी होती. मग जे सुचलं ते सांगायला मला, मला!, शब्द सापडेनात.

“बाई, हे गाणं दोन्ही गावांत एकत्र वाजणार नाही. एकाच गावात वाजेल. तू थांबायचं नाही. त्यांचा आवाज मी तुझ्या कानात देणारच नाही. तू तुझ्या तालानं सरळ जायचं. तुझा आवाज जेव्हा तिकडं पोचेल तेव्हा ते त्याला धरून गातील, आणि तिथं, त्या खोलीत, तुम्ही दोघं अगदी एका सतरंजीवर असाल. इथं मात्र तुला काहीच ऐकू येणार नाही.”

“म्हंजे एकटीच गाऊ?”

“त्यांच्यासोबत. पण ऐकू न येता. तो ऐकायचा भाग माझा. कानाला मी लावतो. ते अडखळले तर मी हात वर करेन, तू ओळ परत घे.”

“अन् आमाले काय ऐकू येईन?” मागची बाई म्हणाली. “आमी सामना ऐकाले आलतो.”

शेवंताबाई डोक्यावरचा पदर चाचपत राहिली. “इवायाच्या पुढं पळू?” ती हळूच म्हणाली. “त्याच्या आजारपनात? लोक काय म्हनतीन?”

“लोक म्हनतीन,” ती मागचीच बाई म्हणाली, “शेवंता पह्यलेसारखी झाली.”

शेवंताबाईनं पदर डोक्यावरून काढला आणि कमरेला खोचला. माईक ओढून घेतला आणि कितीतरी वर्षांनी मी ते शब्द ऐकले : “काय रे शाहीर! झोपला का? मी चालली पुढं. ये मागून, येता आलं तं!”

आणि निघाली. टाळी वाजवत, डोळे उघडे माझ्या हातावर ठेवून. माझ्या कानात आधी नुसती तिकडची खोली होती : पंखा, उषाचा श्वास. मग ठेका. तो ठेका माझ्या कानात तिच्या टाळीच्या मागून, ठेचकाळत येत होता, पण मला ठाऊक होतं, तिकडं तो बरोबर टाळीवर पडतोय. मग घशाची घरघर. मी हात वर केला, तिनं ओळ परत घेतली. पुन्हा हात, पुन्हा ओळ. “दि… दिवा… मोठा…” मी हात खाली घेतला आणि तो वर करायची गरज हळूहळू संपत गेली. बायांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्या माझं तोंड पाहत होत्या.

‘उजेड तुझा जाहीर’ झालं. आता जवाबाची ओळ. मला वाटलं, ती तीही गाऊन दाखवेल. ठरलंही तसंच होतं. पण तिनं डोळे मिटले आणि गप्प झाली. फक्त टाळी चालू ठेवली. सामन्याची जुनी सवय : जवाब ज्याचा त्यानं द्यायचा. दोन ओळींची जागा तिनं मोकळी सोडली, आणि त्या मोकळ्या जागेच्या कडेनं टाळी वाजवत राहिली. माझा हात आता तिला दिसत नव्हता. ती जागा तिकडं भरतेय की रिकामीच जातेय, तिला कळायचा काही मार्ग नव्हता.

विहारात फक्त टाळी. आणि माझ्या कानात, थोडं मागून, फाटका, ओला, पण सुरातला आवाज :

*तेल तुझं… वात तुझी… सारी तुझीच बात…*

दुसरी ओळही आली. पूर्ण आली. तिकडून ओळ संपून इकडं पोचेपर्यंत शेवंताबाईनं पुढचं ध्रुपद उचललंसुद्धा होतं. जागा बरोबर मोजून सोडली होती पठ्ठीनं.

गाणं संपल्यावर तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं.

“काऊन रडून राह्यला बे? बंद पडलं का यंत्र?”

मी तोंड उघडलं. आवाज निघेना. मागची बाई ओरडली, “अवं माय, पाहा वं, रतनभाऊचा माईक बंद पडला! अन् जनरेटर चालूच हाये!” तेव्हा त्यांना कळलं. सतरंजीवर जो गलका झाला तसा त्या हंगामात गावात दुसरा झाला नाही.

शेवंताबाईनं मला एवढंच विचारलं, “शेवटल्या ओळीत ‘आड’ म्हनतानी शब्द गिळला ना त्यानं?”

गिळला होता.

“दरसाल गिळते,” ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

पुढं ते रोज चाललं. पऱ्हाट्या उपटून झाल्या, वावरं उघडी पडली, विहाराच्या खिडकीतून लांबवर काळी माती दिसू लागली, आणि त्या मातीकडं पाहत एक बाई रोज दुपारी स्वतःला ऐकू न येणारा सामना गायची. त्या दुपारींचा हिशेब मला देता येत नाही. त्या एकीतून एक निघालेल्या वाटतात, पेळूतून सूत निघावं तशा. शब्द परत येत गेले, आधी गाण्यातले, मग गाण्याबाहेरचे. ‘पाणी’ आला. ‘उषा’ आला.

आणि एक दिवस गाणं संपल्यावर, मी शेवंताबाईच्या कानात लोहाऱ्याचा आवाज सोडला असताना, किसनराव कुणाच्या सोबतीशिवाय एक आख्खं वाक्य बोलले. तुकड्या-तुकड्यानं, पण आख्खं.

“इहीनबाई… तुमी… लय पुढं पळता.”

शेवंताबाई गप्प झाली. नेटला किती उशीर लागतो ते मला माहीत आहे. हा त्याहून कितीतरी मोठा होता. मग तिनं नाक ओढलं, माईक जवळ घेतला आणि जवाब दिला :

“मंग काय तुमच्यासाठी थांबून बसू? बसली असती तं तुमी अजून भिताडाकडंच तोंड करून असते, शाहीर!”